वॉल्व्हवरचा शेंदूर

ती आग विझून जमाना झाला, पण त्या घटनेचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडकडच्या एका पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. पोट नुकतंच पट्ट्याचं पुढचं भोक मागू लागलेलं, आणि आपल्याला माणसं कळतात असा माझा ठाम समज.

हद्दीतल्या रसायनांच्या एका कारखान्यात भरदुपारी आग लागली. तिथे सॉल्व्हंटच्या टाकीखाली विजेच्या मोटरवर चालणारा एक मोठा वॉल्व्ह होता. आग लागली की कंट्रोल रूममधलं बटण दाबायचं. वॉल्व्ह बंद, म्हणजे आगीचं खाणंच बंद. तोवर मोटर आणि वॉल्व्ह टिकावेत म्हणून त्यांना आगरोधक लेप दिलेला. हा लेप तापला की भाकरीसारखा फुगतो आणि आतल्या लोखंडाला झळ लागू देत नाही. त्या दिवशी ऑपरेटरने बटण दाबलं, पण वॉल्व्ह जागचा हलला नाही. मोटर आधीच जळून गेली होती. तो तसाच धावला आणि हाताने चाक फिरवू लागला. पंचनाम्याला आम्ही पोहोचलो तेव्हा वॉल्व्ह पूर्ण बंद होता. आतले बाकीचे कामगार वाचले होते. तो मात्र चाकाला धरूनच गेला होता.

त्याची बायको वेंगुर्ल्याकडची. भांडुपच्या चाळीतून रोज सकाळी ठाण्यात यायची आणि बाकावर बसून राहायची. भरपाईचा शब्द तिने कधी काढला नाही. एकच विचारायची, "सायबांनू, तो कोणामुळे गेलो, तेवढां सांगा."

"साहेब, बाईला काय सांगू?" आमचे हवालदार विचारायचे. वयाने माझ्यापेक्षा मोठे, जिभेने त्याहून.

"तपास चालू आहे म्हणून सांगा."

"ते आता बाकालासुद्धा पाठ झालंय, साहेब."

अशात ठाण्यात एक निनावी फोन आला. "लेपाच्या ठेकेदाराने भेसळ केलीय. वॉल्व्हला साधा ऑइलपेंट फासलाय." मी उडालोच. ठेकेदाराला उचलून आणलं.

"माल कुठला वापरलास?"

"आईशप्पथ साहेब, माल एक नंबर. सीलबंद डबे. उरलेला डबा गोडाऊनला पडलाय, घेऊन जा ना."

"आधी लोखंड घासलं होतं?"

"पेंटरने घासलं ना साहेब. कंपनीच्या इंजिनिअरने बघून सही पण दिलीय."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. लागलं मलाच. हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, लबाड माणूस प्रश्नाला प्रश्न विचारतो. हा गडी उत्तरं देतोय."

त्यांचंच खरं निघालं. प्रयोगशाळेचा अहवाल आला : लेप अस्सल. शिवाय वॉल्व्हशेजारी विजेचं जे पॅनल होतं, त्याला त्याच डब्यातला लेप होता. तो छान फुगला होता आणि पॅनलच्या आतल्या तारा शाबूत होत्या. मग वॉल्व्हवरचाच लेप का सुटून पडला? फोन करणारा बहुधा धंद्यातला दुष्मन असावा, आणि मी त्याच्या नादाला लागून गावभर फिरलो होतो.

सुट्टीच्या दिवशी घरी पडलो होतो. स्वयंपाकघराची खिडकी मी दिवाळीला हौसेने रंगवली होती. तिचा रंग पापडासारखा सुटून ओट्यावर पडला.

"जुना तेलकट थर न खरवडताच फासलात ना?" बायको म्हणाली. "मोठे इन्स्पेक्टर!"

"सब-इन्स्पेक्टर," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

मी तो पापड उचलला. उलटी बाजू तेलकट होती. तसाच शर्ट चढवून ठाणं गाठलं. मुद्देमालाच्या खोलीत वॉल्व्हखाली सापडलेले लेपाचे तुकडे होते. ते उलटे केले. पाठीला केशरी रंग. मग हवालदारांना घेऊन कारखान्यात गेलो आणि वॉल्व्हच्या खालच्या अंगाला, जिथे झळ कमी लागली होती, नखाने खरवडून पाहिलं. शेंदूर. तेलात कालवलेला, थरावर थर चढलेला, मारुतीच्या मूर्तीला असतो तसा.

पेंटरला बोलावलं. तोही कोकणातलाच. शेंदराचं नाव काढताच तो बोलू लागला.

"पत्रा घेऊन खरवडायला लागलेलो साहेब. जो गेला, तो ऑपरेटरच आडवा आला. म्हणाला, 'खंडेनवमीचो शेंदूर हा रे तो, दरवर्षी लावतंय. देवाक कोण खरवडता काय?' मलाही धीर झाला नाही. हात जोडले आणि वरूनच लेप मारला."

"आणि पॅनल?"

"तिथे वायरमन तेल लावू द्यायचा नाही. नुसता हार घालायचे. ते चांगलं घासलेलं."

"इंजिनिअरने पाहिलं नाही?"

"लांबून पाहिलं. सगळीकडे पांढरं दिसलं, सही दिली."

भेसळीचा आरोप गळाला. निष्काळजीपणाच्या आरोपपत्रात पेंटर, ठेकेदार आणि इंजिनिअर तिघांची नावं गेली. कागद पूर्ण झाला, पण बाकावरची बाई बाकीच होती. हवालदार म्हणाले, "मी सांगू का?" म्हटलं, नको, मीच सांगतो.

सांगितलं. इंजिनिअरच्या सहीवर जरा जास्तच जोर दिला. शेंदराचं आलं तेव्हा माझा आवाज खाली गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "शेंदूर माझ्या हातचो होतो, सायबांनू. दरवर्षी मीच डबीत घालून द्यायचंय, त्याका सांभाळ म्हणून. तो कसो खरवडूक दितलो?"

दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा राहिला.

नोकरीत मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली. त्यांच्यासाठी कलमं आहेत. पण एकमेकांच्या जिवाला जपणाऱ्या माणसांच्या हातून मरण घडतं, तेव्हा पोलिसाच्या हाती फक्त घडलं तसं लिहिणं उरतं. त्या जपण्याला अटक करता येत नाही.

पुढे दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. हवालदार कुंकवात अंगठा बुडवून रायफलींपुढे उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"लाकडाला लावा," मी म्हणालो. "खटका कोरडा राहू दे."

एरवी या माणसाने मला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी त्यांनी एकेका दस्त्याला अंगठा लावला, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने सगळे खटके पुन्हा एकदा पुसून घेतले.