लाल दिव्यापाशी थांबलेली करडी गाडी

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. कॅनडात, ग्वेल्फमधल्या एका चौकात ती बसमधून उतरून रस्ता ओलांडायला थांबली होती. सिग्नलला उभ्या असलेल्या काळ्या पिकअप ट्रकच्या खिडकीतून कोणीतरी गरम कॉफीचा भरलेला कप तिच्या अंगावर फेकला, "निघा आमच्या देशातून" असं ओरडलं, आणि दिवा हिरवा झाल्यावर ट्रक निघून गेला. चौक कुठला ते मी लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आईनं मला काहीच सांगितलं नाही. मी किचनमध्ये होते. ती बाजूच्या दारानं आली, वर न येता थेट बेसमेंटमध्ये उतरली, आणि वॉशिंग मशीन सुरू झालं. आमच्याकडे कपडे शनिवारी धुतात. खाली जाऊन बघते तर ती सिंकवर वाकून मानेवर गार पाणी घेत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. कॉफी सांडली."

"तू कधीपासून कॉफी प्यायला लागलीस?"

"लॅबमधल्या एकीची सांडली. जा वर, कुकर लाव."

बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आई दूध तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. तिला खोटं बोलता येत नाही, आणि मला ते ओळखता येतं. तरी मी कुकर लावला.

अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात शेजारचे आजोबा. हातात आमचा स्टीलचा डबा, डब्यात त्यांच्या झाडाची सफरचंदं.

"तुझी आई ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "मी पुढच्या अंगणात पानं गोळा करत होतो. तिथून चौक दिसतो. मला दिसलं."

मला कळलं ते असं. शेजाऱ्याकडून.

हे आजोबा गोरे, उंच, एका गुडघ्यानं लंगडणारे. याच गावात जन्मले, पण एकोणीस वर्षं थायलंडमध्ये, चियांग माईला राहिले. तिथे शाळेत इंग्रजी शिकवायचे. परत आले आणि आमचे शेजारी झाले. आई त्यांना थालीपीठ पाठवते, संक्रांतीला गुळाची पोळी पाठवते, आणि त्यांच्याकडून डबा कधी रिकामा येत नाही. पहिल्यांदा त्यातून रुबार्बचे आंबट देठ आले तेव्हा आई हरखून गेली होती. "यांना हे कोणी शिकवलं?" मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडच्या शेजारणीनं."

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, चल पोलिसांकडे.

"आणि काय सांगू? कॉफी सांडली?"

"सांडली नाही. फेकली."

"मीच फोनवर मोठ्यानं बोलत होते. मावशीशी. मराठीत."

"मग?"

"मग काय मग. जॅकेट धुतलं. डाग गेला बघ अगदी." तिनं जॅकेट मला उलटंसुलटं करून दाखवलं. एकुलता एक पुरावा तिनं डिटर्जंट घालून दोनदा धुतला होता, आणि तिला त्याचं समाधान होतं.

आम्ही आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शेजारणी बनाना ब्रेड घेऊन आल्या. शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून फळ्यावर रांगोळी काढून घेतली. आई बसमध्ये मराठीत बोलायची आणि बायका विचारायच्या, किती गोड भाषा, कुठली? त्याच बसमध्ये आता कोणीतरी सीटवरून मान न वळवता म्हणतं, इंग्लिश बोला. ग्रोसरीच्या रांगेत मागचा माणूस त्याच्या मागच्याला सांगतो, बघ, आणखी एक. हे एका दिवसात झालेलं नाही. घरं मिळेनाशी झाली, डॉक्टर मिळेनासे झाले, आणि ज्यांनी ते मिळू दिले नाहीत त्यांना कोणी पकडत नाही. आम्ही बसस्टॉपवर सापडतो.

आणि आपली माणसं काय म्हणतात? इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक जेवणात, श्रीखंडाच्या वाटीवरून हेच ऐकू येतं: "हे सगळं त्या नवीन आलेल्यांमुळे. आपण तसे नाही."

मी पत्रकं लिहिते. एकेका बेसमेंटमध्ये शिकायला आलेली मुलं कोंबणाऱ्या घरमालकांविरुद्ध, पगार बुडवणाऱ्या एजंटांविरुद्ध. मला हे शिकवणाऱ्या बाईंचा पहिला नियम असा: पहिल्याच ओळीत सांग, अन्याय कोणावर झाला, कधी, कुठे. नेमकं लिहिलं की कोणाला नाही म्हणता येत नाही. मी नेमकं लिहिलं. चौकाचं नाव, तारीख, वेळ, आणि वर एक वाक्य ज्याचा मला अभिमान वाटला होता: "ही भारतीय बाई वर्षानुवर्षं याच बसनं, याच स्टॉपवर उतरते." खांबांवर चिकटवलं, लायब्ररीच्या फळ्यावर लावलं, ऑनलाइन टाकलं. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

खाली पुष्कळ लोकांनी चांगलं लिहिलं. एकानं लिहिलं, "रोज याच बसनं? बरं झालं सांगितलंत."

मी ते वाचलं आणि मग कळलं, मी काय सांगून बसले होते. पत्रक काढून टाकलं, खांबांवरचे कागद नखांनी खरवडून काढले. पण दोन दिवसांनी काळा ट्रक चौकात उभा होता. कोणी काही बोललं नाही, काही फेकलं नाही. इंजिन चालू ठेवून उभा, एवढंच. दुसऱ्या दिवशीही उभा. बसच्या खिडकीतून तो दिसला तसा आईनं उतरण्याचा विचारच सोडला. ती तीन स्टॉप पुढे उतरली आणि मागच्या गल्ल्यांमधून चालत आली. दार उघडलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"त्यांना माझी वेळ कशी कळली?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझी वेळ लिहिलीस तू," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस असे की पडदे दिवसाही ओढलेले. गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी बोलायचं थांबायचो आणि तो पुढे जाईपर्यंत एकमेकींकडे बघत राहायचो. आईनं रजा टाकली. ग्रोसरीला निघाली की टिकली काढून दाराजवळच्या आरशावर चिकटवायची. सगळ्यात वाईट म्हणजे ती घरातही, आमच्याच किचनमध्ये, मराठी हळू बोलायला लागली. कोथिंबीर दे, हे कानात सांगितल्यासारखं.

एका दुपारी आजोबा डबा घेऊन आले. आईनं त्यांना बसवलं, चहा टाकला.

"हे कसं सुरू होतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिकडे पहिली दहा वर्षं मी 'सर' होतो. बाजारातल्या बाया पिशवीत एक आंबा जास्तीचा टाकायच्या. मग आमच्यासारखे खूप आले. दारू पिऊन रस्त्यात मारामाऱ्या, देवळात उघड्या अंगानं फोटो. गल्लीतली जुनी घरं आमच्या लोकांच्या हातात गेली. फोनवर व्हिडिओ फिरायला लागले, मग मी बाजारात गेलो की बायांचं बोलणं थांबायचं. गोऱ्या परदेशी माणसाला तिकडे फरांग म्हणतात. शब्द तोच होता, वाईट नाही. आवाज बदलला. आणि एक दिवस शेजारणीकडून माझा डबा परत आला. धुतलेला, पुसलेला, रिकामा."

"अरे देवा," आई म्हणाली.

"मी काही केलं नव्हतं. पण तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या मुलाला त्याच्याच गल्लीत घर मिळेना."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"घाबरलो. तिकीट काढलं आणि घरी आलो."

मला राहवलं नाही. "तुम्हाला घर होतं! तिकडे तुम्ही एक्स्पॅट होतात, इथे आम्ही इमिग्रंट. तुम्ही कंटाळलात तर तिकीट काढता, आईनं कुठलं काढायचं? नागपुरातलं आमचं घर पाडून त्यावर इमारत उभी राहिली. आणि त्या दिवशी तुम्ही सगळं पाहिलंत, आणि सफरचंदं घेऊन आलात?"

"अगं, पाहुणे आहेत," आई हळूच म्हणाली.

आजोबा रागावले नाहीत. "परक्या गावात एकोणीस वर्षं मी एकच शिकलो," ते म्हणाले. "काही दिसलं तर दिसलं नाही म्हणायचं, आणि हसायचं. हे माझं गाव आहे, हे मी विसरूनच गेलो." मग म्हणाले, "ट्रक मी ओळखतो. हिवाळ्यात माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ तोच माणूस ट्रकला प्लाऊ लावून काढतो."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर पोलीस स्टेशनला आले आणि लिहून दिलं. या वर्षी त्यांचा ड्राइव्हवे कोणी साफ करणार नाही, हे त्यांना माहीत होतं. आता फावड्यानं मी करते.

ऑफिसर नीट वागली. पण म्हणाली, ट्रकमध्ये दोघं होते, यांनी मागून पाहिलं. कप कोणी फेकला ते सांगणारा हवा. बाजूनं, जवळून पाहिलेला. आहे का आणखी कोणी?

आईनं पर्स उचलली आणि उठली.

परत येताना, घराच्या पायऱ्यांवर बर्फाचे बूट झटकताना ती म्हणाली, "एक गाडी होती. ट्रकच्या बाजूच्या लेनमध्ये. करडी. डॅशबोर्डवर गणपती."

मला गाडी कळली. मंडळात सगळ्यांना ती गाडी माहीत आहे. निवृत्त डॉक्टर, आपल्या पहिल्या पिढीतले, ज्यांच्या घरी आम्ही दरवर्षी गौरीचं जेवायला जातो.

"त्यांनी माझ्याकडे पाहिलं," आई म्हणाली. "मग काच वर केली."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मोठ्या माणसाला असं अडचणीत टाकायचं नसतं. त्यांना केवढी लाज वाटेल."

कॉफी हिच्या मानेवर, आणि लाज त्यांना वाटू नये म्हणून ही महिनाभर गप्प. आपल्या बायकांना हे कोण शिकवतं? आपणच.

मी त्या डॉक्टरकाकांकडे गेले. काकांनी दार उघडलं. "ये ये, केवढी झालीस! चहा घेणार ना?"

"काका, त्या दिवशी सिग्नलला तुम्ही होतात."

"कुठल्या गं सिग्नलला?"

मी सांगितलं. ते चहात साखर ढवळत राहिले. साखर विरघळून गेली तरी ढवळत राहिले.

"हे बघ. आम्ही आलो तेव्हा इथे आपली चार घरं. पन्नास वर्षांत कोणी वर तोंड करून बोललं नाही. आता हे जे लोंढे यायला लागलेत ना..."

"आई लोंढा आहे?"

"छे, छे. तुझी आई आपली. म्हणून तर सांगतो, नादी लागू नका. माझं नाव दिलं की माझा पत्ता जाणार त्यांच्याकडे. या वयात मी काय करू? आईला म्हणावं ड्रायव्हिंग शीक."

"म्हणजे ती काच वर करू शकेल?"

काकांनी कप बशीत ठेवला तेव्हा तो वाजला. बाहेर पडले तर करडी गाडी ड्राइव्हवेमध्ये उभी होती. मी काचेतून आत पाहिलं. डॅशबोर्डवर गणपती नव्हता. डिंकाचा गोल डाग तेवढा राहिला होता.

तिथे उभी असताना मला राग आला नाही, पहिल्यांदाच. भीती वाटली. इथे पन्नास वर्षं काढलेल्या, डॉक्टर झालेल्या, या देशाची हजारो माणसं तपासलेल्या माणसानं गणपती सोलून काढला होता. आईनं टिकली काढली तशी. मग ते कोणापासून वेगळे? "आपण तसे नाही" हे ट्रकमधल्या माणसाला सांगायला कोण जाणार, आणि तो ऐकणार का?

आई कामावर जाते. अजून तीन स्टॉप पुढे उतरते आणि बर्फातून चालत येते. ट्रक आठवड्यातून एकदोनदा तरी दिसतो. किचनच्या ड्रॉवरमध्ये तिनं राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय. तारीख घातलेली नाही. ज्या दिवशी घालेल त्या दिवशी ते जिंकले, आणि ती या घराबाहेर परत पडेल असं मला वाटत नाही. फाइल उघडी आहे. ऑफिसर म्हणाली, दुसरा साक्षीदार आला की पुढे जाता येईल.

या वेळी, हे छापायला देण्याआधी, मी आईला विचारलं. तिनं सगळं वाचलं, चौकाचं नाव नाही ना ते दोनदा तपासलं, आणि म्हणाली, "काकांचं नाव नको घालूस." घातलेलं नाही.

पण काका, मंडळाचा हा अंक तुमच्या घरी येतो. तुम्ही सगळ्यात जवळून पाहिलंत. या आणि सांगा.

आणि तुम्ही, जे वाचताना म्हणताय की बरं झालं, तो मी नव्हे: तुम्हीही कुठल्यातरी लाल दिव्याला थांबला होतात. कुठल्यातरी रांगेत, कुठल्यातरी बसमध्ये मान फिरवलीत. आठवा. ज्याच्यावर झालं त्याला आधी विचारा, काय लिहू आणि काय नको. मग जे पाहिलंत ते लिहून द्या आणि खाली स्वतःचं नाव घाला. माझ्या आईनं त्या पत्रावर तारीख घालायच्या आत.