काट्यावरच्या तीन टिकल्या

उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या फाटकाशी धरमकाटा आहे. लोखंड भरलेला ट्रक काट्यावर चढतो, शेजारच्या खोलीत बसलेला मारोती त्याचं वजन कॉम्प्युटरात घेतो, पावती काढतो आणि खिडकीतून ड्रायव्हरच्या हातात देतो. हे तो इतकी वर्षं करतोय की ड्रायव्हर मिलचं नाव विसरतात, ‘मारोतीभैयाचा काटा’ विसरत नाहीत.

त्या कॉम्प्युटरच्या काचेवर तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, हिरवी आणि काळी. कोणी विचारलं तर मारोती सांगे, मशीनला नजर लागते म्हणून. ट्रकपुढे लिंबू-मिरची बांधणाऱ्या माणसांना यात विचारण्यासारखं काही वाटत नसे.

खरं कारण मारोतीच्या पोटात होतं. वर्षभरापासून त्याला पडद्यावरचं सगळं ताकात बुडाल्यासारखं दिसत होतं. काट्याचे लाल आकडे तळहाताएवढे, ते दिसत. गाडीचा नंबर ड्रायव्हरच्या तोंडून ऐकायचा आणि टाइप करायचा. बोटांना की-बोर्ड पाठ होता. अडत होतं ते पडद्यावरच्या चित्रांशी. म्हणून त्यानं बायकोच्या, सत्यभामाच्या, पाकिटातल्या टिकल्या काढून नेल्या होत्या. लाल टिकलीखाली वजनाचं चित्र, हिरवीखाली छपाईचं, काळीखाली बंद करायचं. बाण टिकलीखाली नेला की काम फत्ते.

डॉक्टरकडं का गेला नाही? कारण दिवाकर. क्रेनवरच्या दिवाकरनं एकदा चक्कर येते म्हणून सांगितलं, तर मॅनेजरनं मोठ्या प्रेमानं त्याला आराम करायला घरी पाठवलं. तो आराम अजून चालूच आहे. मारोतीला तसला आराम नको होता. रिटायर व्हायला अजून अवकाश होता आणि घरी बसलेल्या मारोतीची कल्पना मारोतीलाच काय, सत्यभामालाही सोसली नसती.

आणि मग जुना कॉम्प्युटर व्हायरसनं आडवा झाला. ऑफिसातून गौतम आला. गुढियारीतलाच, मारोतीच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, कॉम्प्युटरवाला. त्यानं सांगितलं, आता विंडोज नाही, लिनक्स. फुकटची आणि टिकाऊ. फक्त तिचे चेहरे बरेच असतात. वजनाचा प्रोग्राम तोच, पण तो मांडायची तऱ्हा प्रत्येक चेहऱ्याची निराळी. त्यानं तीन टाकून आणले होते. मारोतीनं दुपारपर्यंत तिन्ही वापरून बघायचे आणि आवडेल तो सांगायचा.

हे बोलता बोलता गौतमनं खिशातून फडकं काढलं. स्वच्छतेची भारी आवड पोराला. एक हात फिरवला, लाल गेली. दुसरा फिरवला, हिरवी आणि काळी जोडीनं गेल्या.

‘काका, काय चिकटवून ठेवलं होतं हे?’ असं म्हणून त्यानं टिकल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

आंधळ्याची काठी हिसकावल्यावर निदान लोक हळहळतात. इथं तर पडदा कसा चकाचक झाला म्हणून थँक्यू म्हणावं लागलं.

पहिला चेहरा ग्नोम. मारोतीनं पडद्याकडं पाहिलं तर नुसता निळा रंग. पाहुणे येणार म्हणून सगळं पलंगाखाली सारलेलं घर असतं तसं. गौतम म्हणाला, एक बटण दाबा, सगळं बाहेर येतं. मारोतीनं दाबलं. सगळं बाहेर आलं, लहान झालं, सरकलं आणि भलतीकडं जाऊन बसलं. जे जागेवर राहतच नाही त्याला टिकली लावायची कुठं? बाहेर ट्रकनं हॉर्न दिला आणि मारोतीचं काळीज काट्यावर चढलं.

‘चांगलं आहे,’ तो म्हणाला. ‘पण दुसरा दाखव.’

दुसरा केडीई. खालची पट्टी ओळखीची वाटली, जरा जीव आला. पण हा चेहरा दिलदार. उजवं बटण दाबा, दहा गोष्टी विचारतो. चुकून ओढा, पट्टीच उचलून देतो. मारोतीचा बाण हरवला. हरवला की माउस गदागदा हलवायची त्याची सवय. त्यानं हलवला आणि बाण फुगू लागला. फुगत फुगत हाताएवढा झाला. मारोतीनं माउस विंचवासारखा सोडला.

गौतम हसला. म्हणाला, ती सोयच आहे, बाण सापडत नाही त्यांच्यासाठी. मग हसणं थांबवून त्यानं मारोतीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

‘काका, बाण तर समोरच होता.’

‘हाताले मुंग्या येऊन राहिल्या,’ मारोती म्हणाला. त्याच्याच आवाजात त्याला दिवाकरची चक्कर ऐकू आली.

तिसरा एक्सएफसीई. साधा, जुन्या वळणाचा, सांगाल तिथं चित्र ठेवणारा आणि ठेवलेलं न हलवणारा. मारोतीला तो पाहताक्षणी आवडला. इथं टिकल्या परत लावता येतील. गौतम गेला की लगेच. पण गौतम खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, आता माझ्यासमोर एका गाडीची पावती काढा. ट्रक काट्यावर चढला. मारोती चाचपडू लागला. डावा अंगठा नेहमीसारखा आल्ट बटणावर टेकला होता, उजव्या हाताचं बोट घाबरून माउसच्या चाकावर फिरलं, आणि सगळा पडदाच अंगावर धावून आला.

मोडलं, मारोतीला वाटलं. गेली नोकरी. त्यानं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा समोर वीतभर अक्षरं उभी होती. तो नकळत मोठ्यानं वाचू लागला. वजन. गाडी नंबर. छपाई. वर्षभरानं भेटलेल्या नातेवाइकांची नावं घ्यावीत तसा.

वाचून झालं. काय कबूल करून बसलो ते मारोतीला तेव्हा कळलं.

गौतम हळूच म्हणाला, ‘टिकल्या त्याच्यासाठी होत्या ना?’

मारोतीनं मान डोलावली.

‘मोतीबिंदू असन, काका. माझ्या मायले होता. हे मोठं करणं तिन्ही चेहऱ्यांत जमते, ते काही अडत नाही. पण काट्याचं काम आहे. भलत्या गाडीची पावती निघाली तर? तुम्ही या आठवड्यात डोळे दाखवा, मी कोणाले सांगत नाही. नाही दाखवले तर मले सांगावं लागन.’

संध्याकाळी मारोती घरी गुढियारीला आला आणि सत्यभामाला सगळं सांगितलं. ती कुकरची शिटी बसवता बसवता म्हणाली, ‘माहीत होतं मले. मी काळी टिकली लावतच नाही, मंग पाकिटातली काळी जाते कुठं?’

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला रिक्षात घातलं. मोतीबिंदूच निघाला, डॉक्टर म्हणाले, आधी उजवा, मग डावा. त्या आठवड्यातच मारोती हिरवा गाऊन घालून बाकावर बसला. डोळ्यात सुरी जाणार या विचारानं त्याचे पाय असे हलत होते की शेजारचा पेशंटही हलत होता. एवढ्यात सिस्टर आली आणि कोणता डोळा ते कळावं म्हणून तिनं त्याच्या उजव्या भुवईवर एक गोल चिकटपट्टी लावली.

मारोतीनं ती बोटानं चाचपली. म्हणजे डॉक्टरही टिकली बघूनच काम करणार. त्याला अर्धा क्षण बरं वाटलं. मग भिंतीपलीकडं कोणीतरी टेबल पुसत असल्याचा आवाज आला आणि त्यानं सिस्टरची बाही पकडली.

‘दीदी, मधात कोणी फडकं तर नाही मारत ना?’