करदोड्यासकट वजन

वीस वर्षं मी अंगणवाडीच्या बायांना एकच गोष्ट शिकवतेय, लहान मुलांचं वजन-उंची कशी घ्यायची. काटा आधी शून्यावर, मूल शांत होऊ द्यायचं, अंगावर जड काही ठेवायचं नाही, मग आकडा. झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण अक्कलकुव्याच्या त्या प्रशिक्षणात डोंगरातल्या पाड्यावरची एक नवी सेविका आली आणि माझं सगळं बिनसलं. पंचविशीची पोर. मी मराठीत पाच मिनिटं समजावायचं, तिने मागून त्यांच्या पावरी बोलीत दोन वाक्यं टाकायची, की लागल्या सगळ्या माना डोलवायला! माझ्यासाठी एवढ्या माना कधी हलल्या नव्हत्या. मी तापीकाठची, मिरच्यांच्या मुलखातली, तरी नाकाला अशा मिरच्या कधी झोंबल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक तिच्याच पाड्यावर होतं. एका बाईने दहा महिन्यांचा मुलगा आणला. किरकोळ अंगाचा, पण कमरेला चांदीचा जाडजूड करदोडा. मी तो काढायला सांगितलं, तशी बाईने पोराला छातीशी धरून पाठच फिरवली. बाकीच्या बघत होत्या. या नव्या सेविकेच्या गावात माझं कुणी ऐकत नाही असं दिसायला नको, म्हणून मी म्हटलं राहू दे, आणि तसंच वजन केलं. तक्त्यावर खूण पिवळ्या पट्ट्यात, अगदी काठावर बसली.

ती सेविका जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, करदोडा काढला तर हा लालमध्ये जाईल."

मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तेवढ्याने काही फरक पडत नाही. मला शिकवू नकोस."

फरक पडतो हे मला माहीत होतं. लाल असेल तर मूल दवाखान्यात जातं, पिवळं असेल तर घरी राहतं, हेही मीच शिकवलेलं. पण तिच्यापुढे चूक कबूल करायची म्हणजे जिवावर आलं.

दुसऱ्या सकाळी मी एकटीच जीपने परत पाड्यावर गेले. खरं सांगते, पोरासाठी नाही गेले. पुन्हा वजन करून तिला खोटं पाडायचं होतं.

तिने त्या आईशी चार शब्द बोलून घेतले. आधीची दोन मुलं गेलेली, म्हणून हा करदोडा बांधलेला. तो जमिनीवर टेकवायचा नाही की कुणाच्या अंगावाचून रिकामा ठेवायचा नाही. त्या पोरीने आपला हात पुढे केला, आणि आईने स्वतःच्या हाताने करदोडा सोडून तिच्या मनगटाला बांधला. इतकं साधं होतं! वीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. काट्यावर मूल सरळ लालमध्ये गेलं. तिने पेन माझ्या हातात दिलं. मी माझी खूण खोडली आणि खालची केली. त्याच दिवशी मायलेकरं दवाखान्यात गेली.

दोन महिन्यांनी वजनाच्या दिवशी तो पोरगा आला, तेव्हा गाल भरले होते. आईने त्याला थेट सेविकेच्या मांडीवर ठेवलं. मला आधी हेवा वाटला, मग आनंद झाला. याच क्रमाने. तेवढ्यात ती आईला पावरीत काही म्हणाली, आणि बाई उठून पोराला माझ्याकडे घेऊन आली, माझ्या मांडीवर ठेवून पाया पडली.

काय सांगितलंस तिला, मी विचारलं.

"खरं तेच. मॅडमना पोराची काळजी लागली, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी एकट्या परत आल्या."

पोरगा माझ्या मांडीवर हसत होता. मी खरी कशासाठी परत गेले होते, ते तिला सांगितलं नाही.