सशाच्या पिल्लाचं शेवटचं पान

माझी ताई पिल्लांची चित्रं काढते. हट्टी अस्वल, रुसलेलं बदक, धाकट्या भावावर जळणारं कोकरू. लहान मुलांच्या पुस्तकांतून सगळ्यांना तिने शहाणपण शिकवलंय. स्वतः मात्र कुणाचं ऐकेल तर शपथ. जेव म्हटलं की म्हणते, आधी अस्वलाचं होऊ दे.

तिच्या नव्या पुस्तकात सशाचं पिल्लू गवतात दडतं. कोल्हा त्याच्या आईचा आवाज काढून हाका मारतो, पण ते गप्प राहतं. खरी आई येऊन तीनदा पाय आपटते, तेव्हाच बाहेर येतं. माझी चार वर्षांची लेक मावशीला चिकटून ही चित्रं बघत बसायची. तिला पुस्तक तोंडपाठ होतं.

छपाई कशी झालीय ते बघायला आम्ही तिघी छापखान्यात गेलो. मी एक पान उजेडात धरलं. वळून बघते तर लेक जागेवर नाही.

मी हाका मारल्या. फोरमन ओरडला, कामगार ओरडले, तिच्या नावाने सगळ्यांनी छापखाना डोक्यावर घेतला. पलीकडच्या खोलीत कागदाच्या कात्रणांचा माणसाएवढा ढीग होता. एक माणूस फावड्याने ती ओढून गठ्ठे दाबायच्या यंत्रात ढकलत होता. यंत्राच्या धडधडीत त्याला आमचा आवाज पोचत नव्हता.

ताई पांढरीफटक पडली. तिने धावत जाऊन यंत्र बंद करायला लावलं.

"आता कुणीही तिला हाक मारू नका," ती म्हणाली.

हिचं डोकं फिरलं असं मला वाटलं. त्या क्षणी मला तिचा रागच आला, तिचा आणि तिच्या सगळ्या शहाण्या पिल्लांचा. तिने माझा दंड धरून मला ढिगापुढे उभं केलं.

"पाय आपट. तीनदा. आई तू आहेस."

मी तीनदा आपटला. काहीच झालं नाही. यंत्रात अर्धवट गेलेल्या कात्रणांकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मग ढिगाच्या तळाशी, फावड्यापासून हातभर अंतरावर, सळसळ झाली. पट्ट्यांतून एक डोकं वर आलं.

"कोल्हे गेले?" तिने हळूच विचारलं.

ताईने पुस्तकाची छपाई थांबवली आणि घरी येऊन शेवटचं पान बदललं. आता पिल्लू आईच्या पहिल्याच हाकेला ओ देतं. लेकीने ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"पण मावशी, हाक कोल्ह्याने मारली असेल तर?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. ते पान तिने फाडलं. दुसरं अजून झालेलं नाही, आणि बाहेर पडलं की मी लेकीचा हात सोडत नाही.