टम्म भरलेली पिशवी

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी नगरमध्ये माझा छोटा दवाखाना होता आणि अभ्यासू डॉक्टर म्हणून थोडंफार नावही होतं. ते नाव जपायच्या नादात मी एका बाईचा जीव पणाला लावला. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

ती पाथर्डीकडची, ऊसतोडीहून परतलेली. हिमोग्लोबिन चार. असं रक्त महिनोन्‌महिने हळूहळू आटत गेलेलं असतं. अंगात पाणी पुरेसं असतं, कमी असतात त्या लाल पेशी. वरून जास्तीचं पाणी गेलं तर थकलेल्या हृदयाला ते पेलत नाही. म्हणून मी नुसत्या पेशींची पिशवी मागवली. अगदी पुस्तकाबरहुकूम.

पण तिच्या नवऱ्यानं तिला मिळणाऱ्या रक्ताच्या बदल्यात रक्तपेढीत स्वतःचं रक्त दिलं होतं आणि आपली पिशवी फुगेपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नव्हती. बायकोसाठी आलेली पिशवी बघून तो वॉर्डात आडवाच आला.

"म्या टम्म भरून दिली. ही आर्धीच? बाकीचं रगत कुनाच्या घशात घातलं?"

"अहो, यात फक्त पेशी आहेत. तिला एवढंच पाहिजे."

"गरिबालाच बरं आर्धं पुरतं, डाक्टरसाहेब!"

शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. नीट समजावायला दहा मिनिटं लागली असती. मी सिस्टरना म्हटलं, "ही परत करा. पूर्ण रक्ताची आणा."

"सर, त्यातल्या जास्तीच्या पाण्यानं धाप लागली तर?"

"सावकाश सोडू," म्हणालो आणि ओपीडीत जाऊन बसलो. सावकाश म्हणजे किती आणि बघायचं कुणी, हे काही ठरलं नाही.

दुपारी बाई उठून बसली ती छाती घरघरतच. ओठ निळे. रक्त बंद केलं, ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. तासाभरानं श्वास जागेवर आला. मग मी केसपेपरवर लिहिलं, 'दाखल होतानाच धाप होती.'

"भरल्याली पिशवी हुती म्हनून वाचली," नवरा वॉर्डभर सांगत सुटला. मी मान डोलावली.

घरी सोडताना तो रिक्षा बघायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "डाक्टर, येताना मी ष्टँडापून चालत आल्ते, बसत-उठत का हुईना. अशी धाप हितंच लागली. कशानं वो?"

"अशक्तपणा."

"म्हंजी माजंच अंग वंगाळ," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.