छाटणीच्या दिवशीचा पेला

हे मी कुणाजवळच बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय का? तसंच असेल.

वैरागजवळच्या आमच्या वायनरीत पाहुणे येतात तेव्हा घरचा इतिहास मीच सांगतो. वडिलांनी माळावर लावलेली पहिली द्राक्षबाग, मग बेदाणा, मग शहरातली नोकरी सोडून मी आणलेलं वाइनचं खूळ. भिंतीवर थोरल्या भावाचा, दादाचा फोटो आहे. बाग यानंच वाढवली, एवढं बोलून मी लोकांना पुढच्या खोलीत नेतो.

आमची पहिली वाइन तयार झाली ती ऐन ऑक्टोबर छाटणीत. छाटणीनंतर वेल एकसारखा फुटावा म्हणून काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, औषधाची पेस्ट लावतात. ती लावणाऱ्यानं पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नसतं — दोन्ही मिळून अंगात विष होतं. मला हे माहीत नव्हतं? मजुरांना दर छाटणीला मीच तर दम द्यायचो.

दादा दिवसभर उघड्या हातांनी पेस्ट लावून आला होता. पहिला घोट त्यानंच घ्यावा, असा माझा हट्ट. तो म्हणाला, "आज नगं. हात पेस्टचं हायती. आन् मी कुटं पितो?"

"आपलीच हाय की," मी हसून म्हणालो. "एका पेल्यानं काय हुतंय?"

माझं मन मोडू नये म्हणून तो प्याला.

थोड्याच वेळात तोंड लालभडक झालं, मग धाप लागली. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, बागेतलं काही औषध हाताळलं होतं का? मागे वहिनी उभ्या होत्या. पेस्टचं नाव निघालं असतं, तर पेला कुणी दिला हेही निघालं असतं. मी घाबरलो. म्हणालो, "नाही. लपूनछपून पितो तो. आज जास्त झाली असेल."

दुसऱ्या दिवशी दादा गेला. खरं बोललो असतो तर वाचला असता? कुणास ठाऊक — डॉक्टरांना मी ते कळूच दिलं नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी एकदाच विचारलं, "भावजी, ह्ये माज्यापासनं लपवून पीत हुतं व्हय?"

मी मान डोलावली.

पुतण्या आता बापाचं नावसुद्धा काढत नाही. गावात म्हणतात, दारूनं गेला. आणि मी त्याच्या फोटोखाली वाइन विकतो.

दादानं जन्मात एकच पेला घेतला. तो मी दिला होता.