तुलनेचं रक्त

माझी थोरली बहीण ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे सकाळी बर्फाच्या डब्यातून थायमस ग्रंथीचे तुकडे येतात. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत छातीतली ही ग्रंथी आड येते, म्हणून तिचा थोडा भाग काढावा लागतो. ताई तो कातरते, जाळीतून गाळते आणि पेशी वेगळ्या करते. जेवताना तिने हे सांगायला घेतलं की भाऊजी ताट उचलून बाहेरच्या खोलीत जातात.

"या ग्रंथीत रोगाशी लढणाऱ्या टी पेशींची शाळा भरते," ती मला सांगायची. "आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथे बाद होतात. तरी काही निसटतातच. त्यांना आवरायला तिथेच वेगळ्या पेशी घडतात, नियामक पेशी. त्या कमी पडल्या, की घरचंच माणूस अंगावर धावून आल्यासारखं होतं बघ."

तुलनेसाठी निरोगी मोठ्या माणसाचं रक्त लागतं. ते शोधत कोण फिरणार? तिथली रीतच अशी, की जो समोर असेल त्याने हात पुढे करायचा. समोर नेहमी ताईच असायची. दिवसभर राबायचं आणि वर रक्तही द्यायचं! माझं डोकंच फिरायचं. ती म्हणायची, "अगं, फुकटात तपासणी होते."

यंदा तिच्या रक्तातल्या नियामक पेशी इतर पेशींना आवरेनात. ताईला वाटलं, आपलाच हात चुकला. तिने द्रावण बदललं, फ्रीजला नावं ठेवली, सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिच्या वरिष्ठ बाई आलेख बघून म्हणाल्या, "हा नमुना बाद कर. दुसऱ्या कुणाचं तरी घे." निरोगी म्हणून घेतलेलं माणूस आजारी असू शकतं, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

हे मला सांगताना तिला बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं. बोटं सुजली होती.

"सकाळी तर याहून वाईट असतात," ती म्हणाली. "थकवा गं. काम काय कमी आहे?"

"ताई, तुझा हात चुकलेला नाही," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

नुसत्या त्या प्रयोगावरून आजार ठरत नाही, असं तिनेच मला बजावलं. डॉक्टरांनी रीतसर तपासण्या केल्या, तेव्हा तो ठरला. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं होतं. वेळेत आलात, बोटं वाचतील, असं डॉक्टर म्हणाले. थकव्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

आता ती गोळ्या घेऊन कामाला जाते. परवा कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "रक्ताची पंचाईत झालीय. माझं ऐकल्यापासून कुणी तयारच होत नाही."

"मग माझं घे की."

ती घडी घालायची थांबली. आम्ही दोघी सख्ख्या बहिणी.

"तुझं नको," ती म्हणाली. "बाकी कुणाचाही आलेख बघेन मी. तुझा नाही बघवणार."